हेन्री गँट : कामाला काळाच्या रेषेवर मांडणारे अभियंते

पूल, धरण किंवा कारखाना उभारायचा असो, आज त्याचे वेळापत्रक संगणकावर आडव्या पट्ट्यांच्या रूपात मांडले जाते. एका कामाची तारीख पुढे गेली की त्यावर अवलंबून असलेल्या कामांच्या पट्ट्याही आपोआप पुढे सरकतात. हा तक्ता ज्यांच्या नावाने जगभर ओळखला जातो, त्या अमेरिकी अभियंते हेन्री लॉरेन्स गँट यांच्या हयातीत मात्र तो कागदावरच होता आणि त्यातील पट्ट्या एकमेकींशी जोडलेल्या नव्हत्या.

गँट यांचा जन्म 20 मे 1861 रोजी अमेरिकेतील मेरीलँड राज्यात एका संपन्न शेतकरी कुटुंबात झाला. त्याच वर्षी सुरू झालेल्या यादवी युद्धाने या कुटुंबाची संपत्ती लयाला गेली. गरीब मुलांसाठी स्थापन झालेल्या मॅकडोनो शाळेत त्यांचे शिक्षण झाले. 1880 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची पदवी घेतल्यानंतर त्यांनी त्याच शाळेत अध्यापन केले आणि 1884 मध्ये स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमधून यंत्र अभियांत्रिकीची पदवी संपादन केली.

1887 मध्ये ते फिलाडेल्फिया येथील मिडव्हेल पोलाद कारखान्यात रुजू झाले. तेथे शास्त्रीय व्यवस्थापनाचे प्रवर्तक फ्रेडरिक टेलर यांचे सहकारी म्हणून त्यांची जडणघडण झाली. मात्र मजुरीच्या प्रश्नावर गँट यांनी वेगळी वाट निवडली. टेलर यांच्या पद्धतीत ठरलेले काम पूर्ण न करणाऱ्या कामगाराला कमी दराने मोबदला मिळे. गँट यांनी 1901 मध्ये बेथलेहेम पोलाद कारखान्यात मांडलेल्या पद्धतीत दिवसाची मजुरी निश्चित असे आणि काम पूर्ण केल्यास वर बोनस मिळे. कामगार यशस्वी झाला तर मुकादमालाही बोनस मिळत असल्याने कामगाराला शिकवणे हे मुकादमाच्याही हिताचे ठरले.

काम रखडते तेव्हा दोष कामगाराचाच असतो, हे गँट यांना मान्य नव्हते. कच्चा माल वेळेवर न येणे, यंत्र बंद पडणे, सूचना न मिळणे ही कारणे व्यवस्थापनाच्या कक्षेतील असतात आणि ती उघड दिसली पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या शस्त्रास्त्र विभागासाठी आणि नंतर जहाजबांधणीसाठी काम करताना हा विचार तक्त्याच्या रूपाने पूर्णत्वास गेला. किती नग तयार झाले एवढेच न मोजता, नियोजित काळाच्या तुलनेत काम कोठवर आले हे ते मोजत. बारीक रेषा नियोजनाची आणि ठळक रेषा झालेल्या कामाची. ठळक रेषा आजच्या तारखेपर्यंत पोहोचली नसेल, तर काम किती दिवस मागे आहे हे एका दृष्टिक्षेपात कळे.

23 नोव्हेंबर 1919 रोजी, वयाच्या 58 व्या वर्षी गँट यांचे निधन झाले. 1922 मध्ये वॉलेस क्लार्क यांच्या पुस्तकामुळे हा तक्ता अनेक देशांत पोहोचला. पोलंडमधील अभियंते कारोल अदामिएत्स्की यांनी 1896 च्या सुमारास अशीच पद्धत स्वतंत्रपणे विकसित केली होती, याचीही नोंद घ्यायला हवी.

तक्त्यातील मोठी उणीव नंतर भरून निघाली. 1957 मध्ये ड्युपाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांनी क्रिटिकल पाथ ही पद्धत विकसित केली, तर 1958 मध्ये अमेरिकी नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी पर्ट पद्धत आणली. कोणते काम कशानंतर सुरू होऊ शकते, हा संबंध आता गणिताने मांडता येऊ लागला. समजा, घराच्या पायाला 20 दिवस, भिंतींना 30 आणि छताला 15 दिवस लागतात, तर एकूण 65 दिवस होतात. पाया 8 दिवस लांबला तर घरही 8 दिवस लांबते. पण भिंती पूर्ण झाल्यावरच लागणाऱ्या खिडक्या 25 दिवसांत तयार होणार असतील आणि त्यांचे काम पहिल्या दिवशीच सुरू झाले असेल, तर त्यांना 25 दिवसांची सवड असते. तेथील 8 दिवसांच्या विलंबाने काहीच बिघडत नाही.

आजच्या सॉफ्टवेअरने गँट यांच्या पट्ट्या आणि हे नाते एकत्र आणले. त्याचा लाभ मिळण्यासाठी कामे परस्परांशी जोडावी लागतात. प्रत्येक कामाला हाताने तारीख टाकून ती पक्की केली, तर आधीचे काम लांबले तरी पुढची तारीख जागची हलत नाही आणि वेळापत्रक प्रत्यक्षापासून तुटते. म्हणून कामांच्या तारखा त्यांच्या परस्परसंबंधांतून निघू द्याव्यात आणि अंतिम मुदत वेगळी खूण म्हणून नोंदवावी. मग एखादे काम लांबताच मुदत ओलांडली जाणार असल्याचे आधीच दिसते आणि उपाय करण्यास वेळ उरतो.

ही सर्व गणिते संगणक क्षणात करतो. मात्र किती काम खरोखर झाले, ही नोंद माणसालाच प्रामाणिकपणे करावी लागते. गँट यांची ठळक रेषा नेमकी त्याच नोंदीसाठी होती.