विश्लेषण : पटकीत जिवाणू नव्हे, त्याचे विष मारते! हे सिद्ध करणारे डॉ. शंभूनाथ डे कोण होते?

जुलै २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात पटकीची, म्हणजे कॉलराची साथ आली. मेळघाटातील पाचडोंगरी, कोयलारी या गावांतील लोक विहिरीचे दूषित पाणी प्यायले आणि घरोघरी जुलाब-उलट्यांचे रुग्ण दिसू लागले. जिल्ह्यात पाच जणांचा जीव गेला. एकेकाळी या रोगाची दहशत इतकी होती की गावोगावी मरीआईला साकडे घातले जाई. आज पटकीवर साखर-मिठाच्या पाण्यासारखा साधा उपाय आहे. पण काही तासांत धडधाकट माणूस सुकून का जातो, याचे उत्तर १९५९ पर्यंत जगाकडे नव्हते. ते मिळाले कोलकात्यात, ससे आणि दोऱ्याच्या गाठी यांच्या साह्याने. शोधणाऱ्याला मात्र हयातीत देशातला एकही मोठा सन्मान मिळाला नाही.

गरिबाटी ते लंडन

शंभूनाथ डे यांचा जन्म १ फेब्रुवारी १९१५ चा, बंगालमधील हुगळी जिल्ह्यातल्या गरिबाटी गावातला. वडिलांचा व्यवसाय बेताचाच चालायचा. घरात शिकलेले असे काकाच, त्यांच्यामुळे शिक्षणाची वाट धरली गेली. शिष्यवृत्तीवर हुगळी मोहसिन कॉलेज, मग कलकत्ता मेडिकल कॉलेज असा प्रवास झाला. १९३९ मध्ये ते डॉक्टर झाले. रुग्ण तपासून पैसा मिळवण्याची सोय होती, पण ओढा प्रयोगशाळेकडे होता. त्याच कॉलेजात पॅथॉलॉजी विभागात ते डेमॉन्स्ट्रेटर म्हणून रुजू झाले.

त्यांची हुशारी हेरणारे प्राध्यापक एम. एन. डे पुढे त्यांचे सासरे झाले. त्यांच्याच पुढाकाराने शंभूनाथ १९४७ मध्ये लंडनला गेले. युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटल मेडिकल स्कूलमध्ये रॉय कॅमेरॉन या नामवंत पॅथॉलॉजिस्टच्या हाताखाली त्यांनी १९४९ मध्ये पीएचडी मिळवली. तिथे ते फुफ्फुसात पाणी का साचते याचा अभ्यास करत होते. शरीरातला द्रव जिथे नको तिथे का गोळा होतो, हा प्रश्न घेऊनच ते परतले असे म्हणायला हरकत नाही. पुढचे त्यांचे सगळे काम त्याच प्रश्नाभोवती फिरते, फक्त फुफ्फुसाच्या जागी आतडे आले.

कॉखनंतर घोडे कुठे अडले होते?

१८८४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यातच पटकीचा स्वल्पविरामाच्या आकाराचा जिवाणू वेगळा केला. हा जिवाणू एखादे विष सोडत असावा, असा त्यांचा कयास होता. त्यानंतर पाऊणशे वर्षे ते विष काही हाती लागेना.

कारण शोध चुकीच्या जागी चालला होता. विष जिवाणूच्या शरीरात असते आणि जिवाणू मेल्यावर ते बाहेर पडून रक्तात भिनते, असे बहुतेकांना वाटत होते. त्यामुळे प्राण्यांच्या शिरेत, कातडीखाली, पोटाच्या पोकळीत जिवाणू टोचले जात. प्राणी कधी मरत, कधी जगत. पण पटकीसारखे जुलाब काही होत नसत. मोठ्या प्राण्याला तोंडाने जिवाणू पाजले तरी त्याचे आतडे ते पुढे ढकलून मोकळे होई. ज्या प्राण्याला रोगच होत नाही, त्याच्यात रोगाचे कारण दिसणार कसे?

प्रयोग काय होता?

मायदेशी परतल्यावर डे कोलकात्याच्या नीलरतन सरकार मेडिकल कॉलेजात काम करू लागले. डी. एन. चटर्जी या सहकाऱ्यासोबत १९५३ मध्ये त्यांनी ज्या प्रयोगाची माहिती प्रसिद्ध केली, तो समजायला वैद्यकाची पदवी लागत नाही.

सशाला भूल द्यायची, पोट उघडायचे आणि लहान आतड्याचा एक छोटा भाग दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधून टाकायचा. बंद पिशवीच जणू. तिच्यात पटकीचे जिवाणू सुईने सोडायचे. शेजारीच दुसरी अशीच पिशवी बांधून तिच्यात जिवाणू नसलेला द्रव भरायचा. पोट शिवायचे आणि एक दिवस थांबायचे.

दुसऱ्या दिवशी जिवाणू सोडलेला भाग फुग्यासारखा टम्म फुगलेला असे. आत पटकीच्या रुग्णाच्या जुलाबासारखे, तांदळाच्या धुवणासारखे पाणी. शेजारची पिशवी मात्र चपटीच. दोन्ही आतडी एकाच सशाची, रक्तपुरवठा तोच, वेळ तीच. फरक फक्त एका गोष्टीचा. इंजिनीअरिंगच्या प्रयोगशाळेत पहिल्या वर्षी शिकवतात तेच हे : एका वेळी एकच घटक बदला. फार आधी, १९१५ मध्ये असाच एक प्रयोग फ्रेंचमध्ये छापून आला होता, पण तो विस्मृतीत गेला होता.

आता रोग रक्तात नव्हे, आतड्यातच घडतो हे दिसले. पण हे काम जिवाणू स्वतः करतो की त्याने सोडलेले काही?

१९५५ मध्ये डे कलकत्ता मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजी विभागाचे प्रमुख झाले. तिथे त्यांनी पुढचे पाऊल उचलले. जिवाणू द्रवात वाढवले, मग तो द्रव इतक्या बारीक गाळणीतून गाळला की एकही जिवाणू उरू नये. हा जिवाणूविरहित द्रव सशाच्या आतड्यात सोडला. आतडे तरीही फुगले. म्हणजे जिवंत जिवाणूची गरजच नव्हती. तो वाढताना बाहेर सोडत असलेले विष एकटेच पुरेसे होते. मे १९५९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हा छोटासा निबंध प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी मुंबईत...

आपल्याकडे फारशी सांगितली न जाणारी बाब म्हणजे, त्याच १९५९ साली परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये एन. के. दत्ता, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी हे वेगळ्या वाटेने जवळपास याच निष्कर्षावर आले. मोठ्या सशाला पटकी होत नाही, पण दूधपित्या पिल्लांना होते, हे दत्ता आणि एम. के. हब्बू यांनी १९५५ मध्येच दाखवले होते. आता जिवाणूंपासून मिळवलेले विष पिल्लांच्या पोटात सोडल्यावर त्यांना जुलाब सुरू झाले. कोलकाता आणि मुंबईच्या या दोन पद्धतींवर पुढची अनेक वर्षे जगभरच्या प्रयोगशाळा काम करत होत्या.

हे विष करते तरी काय?

डे यांनी विष आहे हे दाखवले, पण ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले ते १९६९ मध्ये अमेरिकेत फिंकेलस्टाइन आणि लोस्पालुटो यांनी. त्यानंतर त्याची रेणूपातळीवरची कार्यपद्धती उलगडत गेली.

विषाचे दोन भाग असतात. पाच तुकड्यांचे कडे आतड्याच्या पेशीवरील जीएम-१ या रेणूला पकडते. दुसरा भाग पेशीत शिरून एक स्विच चालू स्थितीत अडकवून ठेवतो. त्यामुळे पेशीत सायक्लिक एएमपी हा संदेशवाहक रेणू साचत जातो, क्लोराइड बाहेर पडू लागते आणि त्यामागोमाग सोडियम आणि पाणी. बंदच न होणारा नळ. तीव्र रुग्णाच्या शरीरातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते.

आतड्याचे अस्तर सोलून निघाल्याने पाणी गळते, अशी जुनी समजूत होती. १९६० मध्ये रुग्णांच्या तपासणीत ते शाबूत असल्याचे दिसले. ग्लुकोजसोबत सोडियम आत ओढून घेण्याची पेशींची वाट विष बंद करत नाही, म्हणूनच साखर-मिठाचे पाणी लागू पडते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हा उपाय मोठ्या प्रमाणावर वापरला. तेथील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले.

डे यांच्या पद्धतीचा आणखी एक उपयोग झाला. १९५६ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ई. कोलायचे काही प्रकारही सशाच्या आतड्यात असाच फुगवटा आणतात हे दाखवले. प्रवासात होणाऱ्या जुलाबांमागच्या विषांचा शोध इथून पुढे सरकला.

मग दखल का घेतली गेली नाही?

‘नेचर’मधला निबंध सुरुवातीची काही वर्षे जवळजवळ दुर्लक्षितच राहिला. डे फारसे परिषदांना फिरणारे, स्वतःचा डंका पिटणारे नव्हते. विष शुद्ध करायला लागणारी साधने त्यांच्या कॉलेजात नव्हती. शोध कोलकात्यात लागला आणि त्याचे पुढचे टप्पे अमेरिकेत पार पडले, ते याचमुळे. गाळणीपर्यंतचे काम हुशारीवर भागते. त्यापुढे यंत्रे, पैसा आणि माणसे लागतात. देशातील एकाही विज्ञान अकादमीने त्यांना फेलो म्हणून निवडले नाही. याला साधनांची टंचाई हे कारण देता येणार नाही.

१९७३ मध्ये ते निवृत्त झाले. १९७८ मध्ये स्वीडनमध्ये पटकी आणि जुलाबांच्या आजारांवर नोबेल परिसंवाद भरला, तेव्हा त्यांना सन्मानाने बोलावण्यात आले. नोबेलविजेते जीवशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी तर नोबेलसाठी त्यांचे नाव एकाहून अधिक वेळा सुचवले होते. १५ एप्रिल १९८५ रोजी वयाच्या सत्तराव्या वर्षी डे यांचे निधन झाले. पाच वर्षांनी, १९९० मध्ये, बेंगळूरुच्या ‘करंट सायन्स’ने त्यांच्यावर विशेषांक काढला.