तुरुंगातून राजीनामा

इतिहासाच्या तासाला सरांनी इंग्लंडची यादवी शिकविली. ६ डिसेंबर १६४८ रोजी कर्नल प्राइड हातात यादी घेऊन पार्लमेंटच्या दारात उभा राहिला. सैन्याला नको असलेल्या सभासदांना त्याने आत जाऊ दिले नाही, काहींना तर कैदच केले. उरलेल्या सभेला लोक पुढे कुचेष्टेने 'रंप', म्हणजे जनावराचा मागला भाग, म्हणू लागले. वर्गात हशा पिकला. मला मात्र मधु लिमये आठवले. त्यांच्याविषयी मी नुकतेच ग्रंथालयात वाचले होते.

लिमये यांचा जन्म १ मे १९२२ रोजी पुण्यात झाला. फर्ग्युसनमध्ये शिकतानाच ते चळवळीत ओढले गेले. युद्धविरोधी भाषणांबद्दल १९४० साली धुळ्याचा तुरुंग, बेचाळीसच्या लढ्यात भूमिगत कार्य, मग पुन्हा तुरुंग. १९५५ साली सत्याग्रहींसह ते गोव्यात शिरले, तेव्हा पोर्तुगीज पोलिसांनी त्यांना बेदम मारले. शिक्षा बारा वर्षांची झाली. १९५७ मध्ये सुटका झाली. पुण्याच्या या माणसाला लोकसभेत पाठविले ते बिहारने, आधी मुंगेरने व नंतर बांक्याने! आमच्याकडे तर शेजारच्या गावचा उमेदवारही परका ठरतो.

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. जुलैत लिमये यांना मिसाखाली पकडून मध्य प्रदेशात तुरुंगात ठेवले. विरोधी पक्षांचे अनेक खासदार कोठडीत, आणि सभागृह चालूच! लोकसभेची पाच वर्षांची मुदत मार्च १९७६ मध्ये संपत होती. फेब्रुवारीत तिने स्वतःच ती एका वर्षाने वाढविली, नोव्हेंबरात आणखी एका वर्षाने. मतदारांनी पाच वर्षांसाठी पाठविले असता सहाव्या वर्षी तेथे बसायचे कोणत्या अधिकाराने, असा लिमये यांचा आक्षेप होता. त्यांनी तुरुंगातूनच राजीनामा दिला. तरुण खासदार शरद यादव यांनीही दिला.

बोनकोड्याला घरी हे सांगितले, तेव्हा बाबांनी विचारले, की आधीच कैदेत असलेल्याने खुर्ची सोडून काय मिळविले? बाबा चौथी शिकलेले, पण प्रश्न नेमका. मुदतवाढ काही अडली नाही, हे मलाही कबूल करावे लागले. आपले नाव त्या सभेच्या यादीत राहू द्यायचे नाही, एवढेच त्यांच्या हाती होते, असे मी म्हणालो. बाबांना ते फारसे पटले नाही.

मार्च १९७७ च्या निवडणुकीत बांक्याने लिमये यांना पुन्हा निवडून दिले. ८ जानेवारी १९९५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. खासदारकीचे पेन्शन त्यांनी कधी घेतले नाही, हे ऐकल्यावर मात्र बाबांनी त्यांचे नाव मला दुसऱ्यांदा विचारून घेतले.