आधी लेकराचे ऐकणाऱ्या रमाबाई

लातूरहून आपण रेल्वेने पुण्याला निघालो, की दौंडनंतर केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) मुक्ती मिशन तिथलेच. त्या कॅथोलिक नव्हत्या, तरी त्यांची आठवण आपण ठेवावी. १८९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली आणल्या. मदत छावण्यांत देखरेखीची माणसेच मुलींवर अत्याचार करीत, हे त्यांनी उघड लिहिले. त्याच वर्षी पुण्याच्या प्लेग रुग्णालयातील मुलींच्या हालांबद्दल वर्तमानपत्रात पत्र दिले. गव्हर्नरांनी ते नाकारले. आपण नांदेड-लातूरकर असे काही कानावर आले, की आधी घराण्याचे नाव सांभाळतो, लेकराला गप्प बसवतो. बाईंनी आधी लेकराचे ऐकले. घरच्यांनी टाकलेल्यांसाठी त्यांनी केडगावात कृपा सदन उघडले.