यूएफसीचा पहिला विजेता ब्राझीलचा होता, पण त्याच्या डावांचं मूळ एका बुटक्या जपानी गड्यापाशी सापडतं

तारीख १२ नोव्हेंबर १९९३. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात एका अष्टकोनी पिंजऱ्यात आठ जण उतरणार होते. कोणी बॉक्सर, कोणी किकबॉक्सर, कोणी सुमो पैलवान, कोणी कराटेवाला. वजनाचे गट नव्हते. चावायचं नाही आणि डोळ्यात बोटं घालायची नाहीत, हे सोडलं तर जवळपास सगळं चालणार होतं. कुठली मारामारीची पद्धत खरी भारी, हा शाळेच्या मधल्या सुट्टीत होणारा वाद त्या रात्री पैसे लावून सोडवायचा होता.

तिथं अंगानं सगळ्यात साधा दिसणारा गडी होता रॉयस ग्रेसी. वजन ऐंशी किलोच्या आसपास, अंगात जुडोवाले घालतात तसा पांढरा अंगरखा. त्याने कोणाला नॉकआउट केलं नाही. समोरच्याला मिठी मारायची, खाली पाडायचं आणि गळा आवळायचा. पहिल्या लढतीत तर बॉक्सरने तेवढी वेळही येऊ दिली नाही, खाली पडल्यावर आपणच हार मानली. तिन्ही लढती मिळून जेमतेम पाच मिनिटं लागली आणि रॉयस पहिला यूएफसी विजेता झाला.

दुसऱ्या दिवसापासून लोक विचारायला लागले, हा प्रकार आहे तरी काय? उत्तर मिळालं, ब्राझिलियन जिउ-जित्सू.

आता नावातच गंमत आहे बघा. जिउ-जित्सू हा शब्द जपानी आणि पुढे लागलंय ब्राझिलियन. जपान आणि ब्राझील पृथ्वीच्या पार दोन टोकांना. मग या दोघांची सोयरीक जुळवली कोणी?

त्या माणसाचं नाव मित्सुयो माएदा.

जन्म १८७८ चा, उत्तर जपानमधल्या हिरोसाकीजवळचं एक गाव. लहानपणी पोरगं सुमो खेळायचं, पण सुमोसाठी लागतो तो देह काही मिळाला नाही. मोठेपणी त्याची उंची भरली १६४ सेंटीमीटर आणि वजन ६४ किलो. शिकायला म्हणून तो टोकियोला आला आणि १८९७ मध्ये कोडोकान नावाच्या आखाड्यात दाखल झाला.

हे कोडोकान काय प्रकरण होतं ते आधी समजून घ्यावं लागेल, कारण आज एमएमए विरुद्ध पारंपरिक मार्शल आर्ट्स असा जो वाद रील्सखालच्या कमेंट्समध्ये चालतो, तो तिथं आधीच होऊन गेला होता.

जपानमध्ये सामुराईंचा जमाना संपला तशी जुजुत्सूची जुनी घराणी ओस पडायला लागली. या घराण्यांकडे डाव भरपूर होते, काही तर जीवघेणे. अडचण अशी की जीवघेणा डाव सरावात पूर्ण ताकदीने मारता येत नाही. रोज जोडीदाराचा हात मोडायला लागलो तर महिन्याभरात आखाडा रिकामा. म्हणून अनेक ठिकाणी शिक्षण चालायचं ते ठरलेल्या क्रमाने. तू असा हल्ला कर, मी असा हात धरतो, मग तू पड. दिसायला देखणं. पण समोरचा ठरल्याप्रमाणे पडला नाही तर काय करायचं, हे त्यातून कळत नाही.

कानो जिगोरो नावाच्या तरुण शिक्षकाने १८८२ मध्ये टोकियोच्या एका मंदिरात बारा चटयांवर कोडोकान सुरू केलं. दोन जुन्या घराण्यांमध्ये तो स्वतः शिकला होता. त्याने जीव घेणारे डाव ठरलेल्या क्रमाच्या सरावापुरते बाजूला ठेवले. उरलेल्या डावांवर पोरांना रोज खऱ्याखुऱ्या झटापटीला लावलं. या मुक्त सरावाला जपानीत रांदोरी म्हणतात. आपल्या तालमीत जोड लावतात, तसाच हा प्रकार. याचंच नाव जुडो.

म्हणजे कानोने कमी घातक डाव शिकवले आणि त्याची पोरं जास्त घातक निघाली. १८८० च्या दशकात टोकियो पोलिसांच्या स्पर्धांमध्ये जुडोवाल्यांनी जुन्या घराण्यांच्या लोकांना धूळ चारली. २०१७ मध्ये चीनमध्ये शू शियाओडोंग या एमएमए फायटरने एका ताई ची गुरूला काही सेकंदांत झोपवल्याचा व्हिडिओ व्हायरल झाला होता. त्यावर जी भांडणं झाली, त्यांचं मूळ हेच. ताई चीमध्ये डाव नाहीत असं नाही. पण मार परतवणारा माणूस समोर ठेवून ते रोज कोण घासून बघतं, हा खरा प्रश्न.

अर्थात जुनं ते सगळं टाकाऊ, असं म्हणून मोकळं व्हायची घाई करू नका. १९०० च्या आसपास फुसेन-र्यू या जुन्या घराण्याच्या तानाबे माताएमोन या उस्तादाने कोडोकानच्या चांगल्या चांगल्या पोरांना रडवलं. तो उभ्याने लढायच्या भानगडीतच पडायचा नाही. सरळ जमिनीवर बसायचा, समोरच्याला ओढून घ्यायचा आणि तिथं त्याचा गळा किंवा सांधा पकडायचा. कोडोकानला कळलं की आपण पाडण्यात हुशार आहोत, पडल्यानंतरच्या खेळात कच्चे. मग तिथं जमिनीवरच्या लढतीचाही सराव वाढला. माएदा घडला तो नेमका याच काळात.

कोडोकानमध्ये आल्यावर या नव्या पोराला कानोने सोपवलं तोमिता त्सुनेजिरोकडे. तोमिता कानोचा पहिला शिष्य आणि तिथल्या शिक्षकांमध्ये सगळ्यात लहानखुरा. सुमोची रग असलेल्या माएदाला त्याने सहज उचलून आपटला. पुढे हीच जोडी अमेरिकेला निघाली.

साल १९०४. जपान रशियाशी लढत होता, एवढासा देश एवढ्या मोठ्या साम्राज्याला भिडतोय म्हणून जगाला कुतूहल होतं. व्हाइट हाउसमध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट कोडोकानच्याच एका शिक्षकाकडून जुडो शिकत होते. अशा हवेत तोमिता आणि माएदा १९०५ मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत प्रात्यक्षिक द्यायला गेले.

तिथं फजिती झाली. ठरलेल्या डावांचं प्रात्यक्षिक छान झालं, एका कॅडेटला माएदाने आरामात फेकलंही. पण प्रात्यक्षिकात फेकण्याचं काम तोमिताकडे होतं, म्हणून कॅडेट्सना खरी लढत त्याच्याशीच हवी होती. तोमिता तेव्हा चाळिशीला टेकलेला. समोर आला एक दांडगा फुटबॉलपटू आणि त्याच्यावर तोमिताचा डाव दोनदा फसला. जुडो सगळ्या जगात नेऊ पाहणाऱ्या संस्थेचा पहिला शिष्य भर अकादमीत अडला.

यानंतर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. तोमिता काही वर्षांनी जपानला परतला. माएदा मात्र प्रात्यक्षिकं सोडून थेट पैजेच्या लढतींकडे वळला. मला तरी त्याच्या आयुष्याचा हाच खरा सांधा वाटतो. जुडोमागचा कानोचा विचार शिक्षणाचा आणि चारित्र्याचा होता. आणि त्याचा हा शिष्य तिकीट लावून, सर्कसवाल्यांच्या आणि नाटकगृहांच्या स्टेजवर, येईल त्या पैलवानाशी भिडायला लागला. पोटासाठी होतं, यात शंका नाही. पण नुसतं पोटासाठी माणूस दहा वर्षं अशी हाडं झिजवत नाही.

१९०७ मध्ये तो ब्रिटनला पोहोचला. पुढच्या वर्षी लंडनच्या कुस्ती स्पर्धेत उतरला, तीही कॅच प्रकारात, म्हणजे अंगरख्याशिवाय. जुडोवाल्याचा अंगरखा काढून घेणं म्हणजे चढाईला निघालेल्या माणसाचा दोर काढून घेणं. कॉलर नाही, बाही नाही, धरायचं काय? तरीही गडी मिडलवेट गटात अंतिम फेरीपर्यंत गेला आणि तिथं हरला. माएदा हजार, दोन हजार लढती लढला आणि एकदाही हरला नाही असं इंटरनेटवर वाचायला मिळतं. या कथांना फार भुलू नका. परक्या नियमांवर खेळायला गेला तेव्हा तो हरलाय आणि त्याची नोंद आहे. उलट परक्याच्या नियमांवर खेळायची तयारी दाखवली, म्हणूनच तो कोडोकानमधल्या इतरांपेक्षा वेगळं शिकला.

तिथून स्पेन. तिथं त्याला नवं नाव मिळालं, कोंदे कोमा. कोंदे म्हणजे स्पॅनिशमध्ये सरदार. कोमा आलं ‘कोमारू’ या जपानी शब्दावरून, ज्याचा अर्थ अडचणीत असणं. खिशाची स्थिती बघता नाव चपखल होतं. थोडक्यात, अडचणींचा सरदार. मग क्युबा, मेक्सिको, मध्य अमेरिका, दक्षिण अमेरिका असं करत साताके वगैरे जपानी साथीदारांसोबत तो १९१४ च्या अखेरीस ब्राझीलमध्ये उतरला आणि पुढच्या वर्षी ॲमेझॉनच्या मुखाजवळच्या बेलेम शहरात आला.

या सगळ्या भटकंतीत तो काय शिकला? ग्रेसी घराण्यात ते असं सांगितलं जातं की लढतीचे टप्पे असतात. लांबून ठोसे-लाथा, मग अंगाला अंग भिडणं, मग जमीन. बॉक्सरचा राजवाडा पहिल्या टप्प्यात, आपला शेवटच्या. त्यामुळे पहिल्या टप्प्यात रेंगाळायचंच नाही. एखादी लाथ किंवा कोपर मारून अंतर तोडायचं, पकडायचं, पाडायचं आणि मग घाई करायची नाही. आपल्या कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो, म्हणून पाडल्यानंतरचा खेळच उरत नाही. माएदाचा खरा खेळ तिथून पुढे सुरू व्हायचा.

बेलेम तेव्हा उतरणीला लागलेलं शहर होतं. ॲमेझॉनच्या रबरावर इथं महाल उठले होते, युरोपला शोभेल असं नाट्यगृह उभं राहिलं होतं. पण आशियातल्या मळ्यांमधलं स्वस्त रबर बाजारात आलं आणि पैसा आटला. याच शहरात गास्ताओ ग्रेसी नावाचा सर्कसच्या धंद्यात असलेला गृहस्थ राहायचा. त्याचा पंधरा वर्षांचा पोरगा कार्लोस महाव्रात्य. १९१७ च्या सुमारास कार्लोसने माएदाचा खेळ बघितला आणि बापाने त्याला शिकायला धाडलं.

यानंतरची गोष्ट ग्रेसी घराणं सांगतं ती अशी की माएदाने सगळी विद्या कार्लोसला दिली. अलीकडच्या अभ्यासकांचं म्हणणं जरा वेगळं आहे. कार्लोसचं बरंचसं शिक्षण माएदाचा सहायक जासिंतो फेरो याच्याकडे झालं असावं. शिवाय माएदाचा आणखी एक शिष्य होता, लुइझ फ्रान्सा. त्याची परंपरा ग्रेसींपासून पूर्ण वेगळी, पुढे ओस्वाल्दो फादाने ती रिओच्या गरीब वस्त्यांमधल्या पोरांपर्यंत नेली. पण घराणं मोठं आणि बोलकं असलं की इतिहासात जागाही त्यालाच जास्त मिळते. हे काय फक्त ब्राझीलमध्येच होतं असं नाही.

ग्रेसी कुटुंब रिओला गेलं. कार्लोस आणि त्याचा किरकोळ अंगाचा धाकटा भाऊ हेलियो यांनी जमिनीवरचा खेळ आणखी बारीक केला. ‘वाले तूदो’ म्हणजे सगळं चालतं, अशा लढती ते लावायचे आणि लढायचे. १९५१ मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये कोडोकानचाच वाघ मासाहिको किमुरा हेलियोसमोर आला. त्याने हेलियोचा हात मोडला, तरी हेलियो हार मानेना. शेवटी त्याच्या कोपऱ्यातून टॉवेल पडला. ज्या डावाने हात मोडला त्याला ग्रेसींनी किमुराचंच नाव दिलं, आजही एमएमएमध्ये तो त्याच नावाने ओळखतात. डेन्व्हरला जिंकलेला रॉयस याच हेलियोचा पोरगा.

माएदाला यातलं काही बघायला मिळालं नाही. खरं तर लढतींमधलं त्याचं मन आधीच उडालं होतं. बेलेममध्ये तो शिकवायचा, पण उतारवयात त्याला दुसराच ध्यास लागला. जपानमधल्या गरीब शेतकऱ्यांना ॲमेझॉनमध्ये जमीन मिळवून द्यायची. त्याने ब्राझीलचं नागरिकत्व घेतलं. सरकारी लोकांमध्ये त्याचं वजन होतं, ते त्याने या कामाला लावलं. १९२९ मध्ये बेलेमच्या दक्षिणेला टोमे-आसू इथं जपानी कुटुंबं उतरली.

जंगल तोडून लावलेला कोको नीट आला नाही. भाजीपाल्याला बाजार नव्हता. मग मलेरियाने माणसं मरायला लागली आणि जगलेल्यांपैकी कित्येकांनी वस्ती सोडली. ज्या माणसाच्या शब्दावर ही कुटुंबं ॲमेझॉनकडे बघत होती, त्याला हे जवळून बघावं लागलं. पैजेच्या लढतीत हरलं तर दुसऱ्या गावात नवी पैज लावता येते. इथं तशी सोय नव्हती.

२८ नोव्हेंबर १९४१ रोजी बेलेममध्ये मूत्रपिंडाच्या आजाराने माएदा गेला. दहा दिवसांत जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. पुढच्या वर्षी ब्राझील दोस्त राष्ट्रांच्या बाजूने युद्धात उतरला आणि ॲमेझॉनमधल्या जपानी लोकांना शत्रू म्हणून एका जागी डांबायचं ठरलं. जागा निवडली टोमे-आसू.

त्या वस्तीत १९३३ मध्ये कोणीतरी सिंगापूरहून काळ्या मिरीची रोपं आणून लावली होती. त्यातली थोडीशीच जगली. युद्ध संपलं, जगात मिरीचे भाव कडाडले आणि १९५० च्या दशकात त्याच टोमे-आसूच्या शेतकऱ्यांनी मिरीवर पक्की घरं बांधली. तिकडे जपानमध्ये, हिरोसाकीच्या बागेत, १९५६ मध्ये माएदाच्या नावाचा एक दगड उभा राहिला.