विश्लेषण : देवलांच्या शारदेचे लग्न नेमके कशामुळे मोडले?

१८९१ च्या कायद्याने मुलींचे संमतिवय १० वरून १२ वर नेले. पण लग्न कोणत्या वयात, कोणाशी लावायचे याला हात लावला नाही. ‘संगीत शारदा’ आले ते १८९९ मध्ये.

देवल कोण होते?
गोविंद बल्लाळ देवल १८५५ मध्ये सांगलीजवळच्या हरिपूरला जन्मले. बेळगावात अण्णासाहेब किर्लोस्करांचे विद्यार्थी. पुढे शिक्षक, नट आणि तालीममास्तर. त्यांच्या सात नाटकांत ‘शारदा’ एवढेच स्वतंत्र. ‘झुंझारराव’सुद्धा ‘ऑथेल्लो’वरून बेतलेले.

नाटकात काय घडते?
कांचनभट पैशासाठी पोटची मुलगी पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. देवलांनी व्याख्यान झोडले नाही, घरगुती बोलीतली पदे लिहिली. म्हाताऱ्याची फजिती हसवते आणि त्याच हशात शारदेची भीती ऐकू येते. (ती रंगवणारे पुरुषच. बालगंधर्वांची शारदा गाजली, तालीम देवलांचीच.)

लग्न मोडते ते वधू-वर सगोत्र निघाल्याने, शारदेच्या नकाराने नव्हे. अर्धवट लग्नाची ती मुलगी जीव द्यायला निघते. कोदंड तिला वाचवतो आणि शंकराचार्यांच्या संमतीने तिच्याशी लग्न करतो. सुटकेवरही धर्माची मोहोर लागते. हे देवलांचे धोरण की मर्यादा? दोन्ही असावे.

‘शारदा कायदा’ यावरूनच का?
नाही, तो गैरसमज. १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो. त्याने मुलीचे किमान वय १४ ठरवले. देवल १९१६ मध्येच गेले होते.