यशवंतराव आणि ओझरचे आकाश

वर्गात तास रंगलेला असावा आणि ओझरच्या बाजूने लढाऊ विमानाची घरघर यावी, हे आम्हा नाशिककरांना नवे नाही. तो आवाज ऐकला की मला यशवंतराव चव्हाण आठवतात.

१२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे जन्मलेला, लहानपणीच पितृछत्र हरपलेला आणि विठाईंच्या कष्टांवर शिकलेला हा मुलगा महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री झाला. नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनकडून झालेल्या पराभवाच्या छायेत नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस बोलावले. १९६३ मध्ये नाशिकने त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठविले.

चीनशी झालेल्या त्या युद्धात आपली लढाऊ विमाने वापरलीच गेली नव्हती. शत्रू आपल्या शहरांवर बॉम्ब टाकील, ही धास्ती होती. दुबळ्या हवाई दलाचा धाक कोणाला वाटणार? यशवंतरावांच्या काळात ४५ स्क्वॉड्रनच्या हवाई दलाची योजना आखली गेली. मे १९६४ मध्ये ते अमेरिकेला गेले. पण हवी होती ती एफ-१०४ विमाने मिळाली नाहीत. मग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ते रशियात गेले आणि मिग-२१ चा करार पक्का करून आले. विमाने नुसती विकत घ्यायची नव्हती, येथे बनवायची होती. सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी झाली. द्राक्षांच्या गावाशेजारी कारखाना उभा राहिला.

परंतु कारखाना एका दिवसात फळ देत नाही. १ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानी रणगाडे छांबमध्ये घुसले. हवाई दलप्रमुख अर्जनसिंग परवानगी मागण्यास आले आणि यशवंतरावांनी ती काही मिनिटांतच दिली. मिग तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. पठाणकोटहून जुनाट व्हॅम्पायर विमाने झेपावली आणि त्यांतील चार त्याच संध्याकाळी पडली. तो निर्णय सोपा नव्हता. मला वाटते, ओझरच्या कारखान्याची खरी गरज त्या संध्याकाळीच सर्वांना पटली असेल.

२५ नोव्हेंबर १९८४ रोजी यशवंतराव गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ ही हवाई दलातून निवृत्त झाले. मधल्या काळात ओझरला सुखोई विमाने तयार झाली. यशवंतराव काही वैमानिक नव्हते वा अभियंतेही नव्हते. कलाशाखेचे पदवीधर आणि पुढे वकील. आपल्यासारख्या कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.