रंगवेड्या डॉक्टरने मागे ठेवलेला प्रश्न

स्वमग्नतेचे निदान झालेल्या मुलांचे आई-वडील हल्ली एक प्रश्न विचारू लागले आहेत. शरीरातली प्रतिपिंडे मेंदूवर उलटल्यामुळे असे होते का, आणि त्यासाठी रक्ततपासणी करावी का? मोबाइलमुळे ही माहिती आता वरवट बकाल, संग्रामपूरच्या घराघरांत पोहोचली आहे. प्रश्न नवा वाटतो, पण त्याची मुळे सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका जर्मन डॉक्टरच्या कामात आहेत. त्यांचे नाव पॉल एर्लिक.

एर्लिक यांचा जन्म 14 मार्च 1854 रोजी तेव्हाच्या प्रशियातील श्ट्रेलेन या लहानशा गावात एका ज्यू कुटुंबात झाला. आईकडच्या नात्यातले कार्ल वायगर्ट हे पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारे शास्त्रज्ञ होते. त्यांच्यामुळे एर्लिक यांना रंगांचे वेड लागले. एकच रंग एका पेशीला धरतो आणि शेजारच्या पेशीला धरत नाही, असे का, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर पुरला. 1878 मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवीचा प्रबंधही याच विषयावर लिहिला. पुढे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे प्रकार त्यांनी रंगांवरूनच वेगळे करून दाखवले. 1882 मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले, तेव्हा तो जंतू रंगवण्याची अधिक चांगली पद्धत एर्लिक यांनी लगेच तयार केली. काही वर्षांनी त्यांना स्वतःलाच क्षयाने गाठले आणि हवापालटासाठी इजिप्तला जावे लागले.

1885 च्या सुमारास त्यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग टोचून पाहिले. जवळजवळ सगळे अवयव रंगले, मेंदू मात्र कोराच राहिला. मेंदूला त्या रंगाची ओढ नसावी, असा अर्थ त्यांनी लावला. तो बरोबर नव्हता. त्यांचेच शिष्य एडविन गोल्डमान यांनी 1913 मध्ये रंग थेट मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला, तेव्हा मेंदू रंगला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले. म्हणजे रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक कुंपण होते. आज आपण त्याला रक्त-मेंदू अडसर म्हणतो. रक्तातली प्रतिपिंडेही एरवी हे कुंपण सहजासहजी ओलांडत नाहीत.

दुसरे काम प्रतिपिंडांचे. घटसर्पावरची प्रतिविष-द्रव्ये प्रमाणबद्ध करताना, शरीर विषाविरुद्ध प्रतिपिंडे कशी बनवते याचा सिद्धांत एर्लिक यांनी 1897 मध्ये मांडला. पुढे युलियस मॉर्गनरोट यांच्यासोबत त्यांनी बकऱ्यांवर प्रयोग केले. एका बकरीला दुसरीचे रक्त टोचले की तिच्या शरीरात त्या परक्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होत, पण स्वतःच्या रक्तपेशींविरुद्ध होत नसत. शरीर स्वतःवर उलटणे टाळते, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि त्याला ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’ असे नाव दिले. हे टाळणारी यंत्रणा शरीरात असली पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. पण वाचणाऱ्यांनी त्याचा अर्थ असे कधी घडतच नाही, असा घेतला. 1904 मध्येच व्हिएन्नात डोनाथ आणि लँडस्टायनर यांना थंडीत स्वतःच्याच रक्तपेशी फोडणारे प्रतिपिंड सापडले, तरी बहुतेकांनी फारसे लक्ष दिले नाही. कुंपणच शेत खाते, हे वैद्यकाने मनापासून मान्य करायला 1956 उजाडले. त्या वर्षी थायरॉइडवर हल्ला करणारी प्रतिपिंडे दाखवली गेली.

एर्लिक यांना 1908 चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ यांच्यासोबत मिळाले. 1909 मध्ये जपानी सहकारी साहाचिरो हाता यांनी 606 क्रमांकाचे संयुग तपासले आणि उपदंशावरचे साल्व्हरसान हे औषध 1910 मध्ये बाजारात आले. त्यामुळे कीर्ती आली, तसे आरोप आणि कोर्टकचेऱ्याही आल्या. सतत सिगार ओढणाऱ्या या माणसाचे 20 ऑगस्ट 1915 रोजी निधन झाले.

त्यांच्या या दोन कामांच्या सांध्यावर आजचा प्रश्न उभा आहे. स्वमग्न मुलांपैकी काहींच्या रक्तात मेंदूतल्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे आढळतात. काही मातांच्या रक्तातही ती आढळली आहेत. गरोदरपणात आईची प्रतिपिंडे वारेतून बाळापर्यंत जातात आणि तेव्हा बाळाच्या मेंदूचे कुंपण पूर्ण पक्के झालेले नसते. काही मुलांत फोलेट मेंदूत नेणाऱ्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे सापडली असून त्यावर उपचारांचे अभ्यास सुरू आहेत. पण अशी प्रतिपिंडे स्वमग्नता नसलेल्या मुलांतही दिसतात. ती कारण आहेत, परिणाम आहेत की नुसती सोबत, हे ठरलेले नाही. म्हणून स्वमग्नतेचे निदान आजही मुलाचे वागणे, बोलणे आणि विकास पाहूनच होते. सरसकट प्रत्येक मुलाची महागडी प्रतिपिंड तपासणी करून घेण्याची गरज नाही. केवळ अशा अहवालावरून स्टेरॉइड सुरू करणे तर धोक्याचे आहे.

एक अपवाद मात्र प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावा. चांगले बोलणारे-खेळणारे मूल काही दिवसांत किंवा आठवड्यांत अचानक बोलेनासे झाले, झटके येऊ लागले, झोप उडाली, तोंडाच्या किंवा हातापायांच्या विचित्र हालचाली सुरू झाल्या, तर ती स्वमग्नता समजू नये. बाहेरची बाधा म्हणून अंगारे-धुपाऱ्यात वेळ घालवू नये. तो मेंदूवर उलटलेल्या प्रतिपिंडांमुळे होणारा मेंदूदाह असू शकतो. त्याचा एक प्रमुख प्रकार 2007 मध्ये ओळखला गेला. तिथे प्रतिपिंडांची तपासणी गरजेची असते आणि वेळेत उपचार मिळाले तर बरीच मुले पुन्हा चालती-बोलती होतात. असे मूल त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे.

बाकी मुलांसाठी, दीड-दोन वर्षांचे मूल नावाला ओ देत नसेल, नजरेला नजर देत नसेल, बोट दाखवून मागत नसेल, तर आशाताईंना किंवा अंगणवाडीत सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अशा मुलांना तपासून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. तपासणी मोफत असते. वाचा-उपचार आणि खेळातून शिकवणे जितक्या लहान वयात सुरू होईल, तितका फायदा अधिक. प्रतिपिंडांचा प्रश्न प्रयोगशाळेत सुटायचा तेव्हा सुटेल, मुलाचे शिकणे त्यासाठी थांबवू नये.